तुरट या शब्दाची लाज

मराठीत वाइनविषयी लिहिता येत नाही, असे विधान आमच्या व्यवसायातील मंडळी अलीकडे मोठ्या आत्मविश्वासाने करू लागली आहेत. कारण विचारावे तर उत्तर ठरलेले असते: शब्दच नाहीत. हे म्हणणारे मराठीचे अध्यापक आहेत. वर्गात ते वर्षानुवर्षे रससिद्धान्त शिकवतात, कवितेचा 'आस्वाद' घ्यायला सांगतात, परीक्षेत 'रसग्रहण करा' म्हणून दहा गुणांचा प्रश्न घालतात. चाखण्याच्या क्रियेवर ज्या शास्त्राची सगळी परिभाषा उभी आहे, त्या शास्त्राच्या पंडितांना प्रत्यक्ष चाखायची वेळ आली की शब्द सापडत नाहीत, ही गोष्ट आम्हाला गमतीची वाटत नाही.

आमचे म्हणणे याच्या नेमके उलट आहे. तांबड्या वाइनची चव सांगायला मराठीइतकी तयार भाषा सहसा सापडणार नाही. उणीव आहे ती शब्दांची नव्हे. आपल्याकडचा शब्द त्या नाजूक काचेच्या पेल्यापाशी उच्चारायची आपल्याला लाज वाटते, एवढेच.

निमित्त नाताळचे. नाशकातील आमच्या एका ख्रिस्ती सहकाऱ्याच्या घरी दरवर्षी २५ डिसेंबरच्या रात्री जेवण असते. बोकडाचे मटण, भाकरी, भात, आणि दिवाळीत आपल्याकडे होतात तशाच करंज्या नि शंकरपाळे. गेल्या खेपेस यजमानांनी ठरवले की यंदा पानासोबत नाशिकचीच तांबडी वाइन ठेवायची, मात्र बाटली हजार रुपयांच्या आत बसली पाहिजे. अध्यापकांचा पगार आणि सात-आठ माणसांची पंगत ध्यानात घेता ही अट रास्त होती. निवड करायला म्हणून आम्ही तिघेचौघे आठवडाभर आधी एका वाइनरीच्या चाखणीघरात गेलो. (कोणती, ते सांगत नाही. जाहिरातही करायची नाही आणि बदनामीही.) सोबत सहकाऱ्यांचे शेजारी होते. दिंडोरी तालुक्यातले द्राक्षबागायतदार, वय साठीच्या पुढे. सगळे त्यांना अण्णा म्हणतात, आम्हीही म्हणतो.

अण्णांचा परिचय थोडा सविस्तर द्यायला हवा. महाराष्ट्र शासनाने २००१ साली द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण आणले. उत्पादन शुल्कात सवलती मिळाल्या आणि नाशिक परिसरात वाइनरी उभ्या राहू लागल्या. त्या लाटेत अण्णांनी खायच्या द्राक्षांशेजारी एक एकर शिराझ लावली होती. वाइनची द्राक्षे खायच्या द्राक्षांसारखी नसतात. मणी लहान, साल जाड, आत बिया. बाजारात ती कोणी घेत नाही. वाइनरीने उचलली तर पैसे, नाही उचलली तर माती. २००८ च्या मंदीनंतर मागणी घसरली, अनेक ठिकाणी माल उचलला गेला नाही, आणि शेकडो शेतकऱ्यांनी वेली उपटल्या. अण्णांनीही उपटल्या. या सगळ्या काळात आपल्या द्राक्षांपासून झालेली वाइन त्यांनी एकदाही चाखली नव्हती. कोणी दिली नाही, त्यांनीही मागितली नाही.

तर चाखणीघरात शिराझचा पेला अण्णांच्या हाती आला. त्यांनी घोट घेतला, तोंडात फिरवला, गिळला, आणि क्षणभर थांबून म्हणाले, "जांभळाची साल चघळल्यावानी लागतंय. जीभ धरतंय." काळा एप्रन घातलेला, चाखणी सांगणारा तरुण अत्यंत अदबीने म्हणाला, "सर, ॲक्च्युअली ते ब्लॅककरंट आहे."

अण्णा गप्प झाले. उरलेल्या तीन पेल्यांवर त्यांनी एक अक्षर काढले नाही. विचारले की "चांगली आहे" एवढेच म्हणत.

तो मुलगा वाईट नव्हता. बोलण्याच्या वळणावरून निफाडकडचा असावा. त्याला जे पाठ करायला दिले होते ते तो म्हणत होता. ब्लॅककरंट हे फळ त्याने पाहिले असण्याचा संभव नाही. आम्हीही पाहिलेले नाही. आपल्याकडे ब्लॅककरंट म्हणजे आइस्क्रीमचा एक जांभळा प्रकार. म्हणजे झाले काय, तर ज्या माणसाने ती वेल वाढवली, छाटली आणि उपटलीही, त्याने स्वतःच्या जिभेने नेमके सांगितलेले वर्णन एका न पाहिलेल्या फळाच्या नावाने खोडले गेले. आणि आम्ही, मराठीचे अध्यापक, तिथे उभे राहून माना डोलावत होतो. हा लेख त्या मान डोलावण्याचे प्रायश्चित्त आहे असे कोणी म्हटले तर आमची हरकत नाही.

अण्णांचे वर्णन किती नेमके होते ते पाहा. तांबडी वाइन तांबडी होते ती सालींमुळे. रस सालींसकट आंबवतात. रंग सालीतून उतरतो आणि त्याबरोबर सालीतली व बियांतली टॅनिनेही उतरतात. ही टॅनिने लाळेतल्या प्रथिनांना धरतात, लाळेचा निसरडेपणा जातो आणि तोंड कोरडे, खरखरीत झाल्यासारखे वाटते. जांभळात टॅनिन, सुपारीत टॅनिन, कातात टॅनिन, हिरड्यात टॅनिन. म्हणजे 'जांभळाची साल' ही उपमासुद्धा नव्हे, ते जवळजवळ रासायनिक निदान आहे. 'जीभ धरणे' हा तर क्रियेचे अचूक वर्णन करणारा वाक्प्रयोग.

या अनुभवासाठी मराठीत एक साधा, घरगुती, दोन वर्षांच्या पोरालाही ठाऊक असलेला शब्द आहे: तुरट. इंग्रजीत त्यासाठी जो शब्द आहे तो पुस्तकी आहे, तो कोणी स्वयंपाकघरात वापरत नाही. आपल्याकडे मात्र तुरट हा सहा रसांपैकी एक. मधुर, अम्ल, लवण, कटु, तिक्त, कषाय हे आम्ही विद्यार्थ्यांकडून पाठ करून घेतो. (जाता जाता: संस्कृतातले कटु म्हणजे आपले तिखट आणि तिक्त म्हणजे आपले कडू. ही अदलाबदल सांगितली की वर्ग हमखास जागा होतो.) आधुनिक शास्त्र तुरटपणाला चव न मानता स्पर्शाची संवेदना मानते, तो वाद वेगळा. पण तांबड्या वाइनच्या अनुभवाचा कणा असलेली संवेदना ज्या परंपरेने स्वतंत्र रस म्हणून मोजली, त्या परंपरेच्या वारसांनी 'आपल्याकडे शब्द नाहीत' म्हणावे, याला काय म्हणायचे?

आता 'फुल-बॉडीड' या सुप्रसिद्ध विशेषणाकडे येऊ. चाखणीघरातल्या मराठी पत्रकावर त्याचे भाषांतर 'संपूर्ण शरीर असलेली वाइन' असे छापले होते. हे वाचून हसू येते, पण हसण्यासारखे त्यात काही नाही. भाषांतरकाराने कोश उघडला, तोंड उघडले नाही. वाइनच्या संदर्भात या शब्दाचा अर्थ एवढाच, की घोट तोंडात भरीव लागतो, पाण्यासारखा निसटून जात नाही. हा भरीवपणा मद्यार्कातून येतो, टॅनिनमधून येतो, फळाच्या अर्कातून येतो. आपल्या घरात आमटी 'पाणचट' होते, पिठले 'सरसरीत' होते, रस्सा 'दाट' होतो. आवाज 'भरदार' असतो, छाती भरदार असते, कणीसही भरदार असते. भरदार वाइन म्हटले की काय बिघडते? आम्ही म्हणून पाहिले, काही बिघडले नाही.

तीच गोष्ट इतर शब्दांची. वाइन जुनी होऊन तिचे कोपरे गोल होतात, तेव्हा ती 'मुरते'. लोणचे मुरते, प्रेम मुरते, मुरब्बी माणूस मुरलेला असतो. इतका श्रीमंत शब्द हाती असताना आपण 'एज्ड' म्हणतो. तुरटपणा, आंबटपणा आणि फळ एकमेकांत मिसळून एकजीव झाले की आपली आई ज्याला 'मिळून आलं' म्हणते, तेच झालेले असते. बुचाचा दोष लागलेल्या बाटलीला पावसाळ्यात बंद राहिलेल्या कपाटाचा जो वास येतो, त्याला मराठीत 'कुबट' म्हणतात. याहून अचूक शब्द कोणी दाखवावा. व्हिनेगरकडे झुकलेली ती 'आंबूस'. मद्यार्क वर येऊन नाकाला झोंबत असेल तर तो 'भपकारा'. गिळल्यावर चव 'रेंगाळते' किंवा रेंगाळत नाही. यादी आणखी लांबवता येईल, पण आम्हाला कोश करायचा नाही.

मग लाज कुठून आली? याचे एक कारण आमच्या वाङ्मयाच्या इतिहासातच आहे, असे आम्हाला वाटते. मराठी साहित्यात मद्य आहे, चव मात्र नाही. गडकऱ्यांचे 'एकच प्याला' १९१९ साली रंगभूमीवर आले आणि तेव्हापासून मराठी रंगमंचावर पेला दिसला की प्रेक्षकाला सर्वनाश दिसतो. सुधाकर काय पितो, ते कसे लागते, हे विचारायची सोय त्या नाटकात नाही, आणि नसावी हेच योग्य, कारण ते नाटक चवीचे नाहीच. दुसऱ्या टोकाला माधव जूलियन. त्यांनी खय्याम मराठीत आणला, 'द्राक्षकन्या' असे सुंदर नावही दिले. पण त्या पेल्यात तत्त्वज्ञान आहे, क्षणभंगुरता आहे, साकी आहे, द्राक्ष नावापुरते. एका बाजूला पाप आणि दुसऱ्या बाजूला प्रतीक. या दोहोंच्या मधली जी साधी जागा, जिभेची, ती रिकामी राहिली. त्या रिकाम्या जागेत आता वाइनरीचे पत्रक येऊन बसले आहे.

संस्कृतात ही जागा इतकी रिकामी नव्हती. कौटिल्याने अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात सुराध्यक्षाची कामे सांगताना मद्याचे प्रकार दिले आहेत. त्यात द्राक्षाच्या रसापासून होणाऱ्याला तो 'मधु' म्हणतो, आणि त्याची नावे उत्पत्तीच्या प्रदेशावरून पडल्याचे सांगतो: कापिशायन आणि हारहूरक. कापिशी म्हणजे आजच्या अफगाणिस्तानातील बेग्रामचा परिसर. या गावावरून शब्द कसा साधावा यासाठी पाणिनीला अष्टाध्यायीत स्वतंत्र सूत्र करावे लागले, आणि काशिकाकारांनी त्याची उदाहरणे दिली ती मधाची आणि द्राक्षाची. गावाच्या नावाने वाइन ओळखायची ही पद्धत फ्रेंचांची म्हणून आज आपल्याला शिकवली जाते. 'नाशिक व्हॅली वाइन'ला भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा जणू काही अपूर्व घडले, असा सूर होता. अपूर्व काही नव्हते, पण हे सांगणार कोण? आम्ही अर्थशास्त्र वाचतो ते राजनीतीसाठी आणि अष्टाध्यायी वाचतो ती परीक्षेसाठी.

आक्षेप दोन येतील. पहिला असा, की वाइनची परिभाषा जागतिक आहे, ब्लॅककरंट हा पारिभाषिक शब्द आहे, प्रत्येकाने आपापले जांभूळ काढले तर व्यवहार कसा चालायचा? निर्यातदाराने कागदोपत्री काय लिहावे हे आम्ही सांगत नाही. पण फ्रेंच माणूस 'कासिस' म्हणतो तो त्याच्या परसात ते झुडूप असते म्हणून. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील प्राध्यापक ॲन नोबल यांनी १९८० च्या दशकात वाइनच्या गंधांचे जे प्रसिद्ध चक्र तयार केले, त्यामागची भूमिकाच ही होती, की 'उमदी', 'खानदानी' असले पोकळ शब्द सोडून हुंगून पडताळता येतील अशा वस्तूंची नावे घ्यावीत. वाण्याकडून वस्तू आणा, साध्या वाइनमध्ये थोडी घाला, हुंगा, आणि ताडून पाहा. नाशिकचा वाणी ब्लॅककरंट ठेवत नाही. तेव्हा त्या पद्धतीशी इमान राखायचे तर आपल्याला जांभूळ, करवंद, कोकम, आमसूल यांच्याकडेच जावे लागेल. शिराझमध्ये काळ्या मिरीचा वास येतो असे सगळी पुस्तके सांगतात. २००८ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी दाखवून दिले, की हा वास रोटुंडोन नावाच्या द्रव्याचा आहे आणि मिरीतही तेच द्रव्य असते. मिरी कोठली, हे आम्ही सांगायला नको.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि त्याला आम्ही हसण्यावारी नेणार नाही. दारूने किती घरे धुळीला मिळवली हे आम्हाला ठाऊक आहे. गावोगावच्या बायांनी 'आडवी बाटली'ला मत देऊन दुकाने बंद पाडली ती हौसेने नव्हे. २०२२ च्या जानेवारीत राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांत वाइन विकू देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा 'वाइन म्हणजे दारू नव्हे' असा युक्तिवाद राजकारण्यांनी केला. तो आम्हाला तेव्हाही मान्य नव्हता. वाइन दारूच आहे. तिच्यात तेरा-चौदा टक्के मद्यार्क असते आणि मद्यार्काचे कोणतेही प्रमाण आरोग्याला निर्धोक म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली स्पष्ट म्हटले आहे. ज्याला प्यायची नाही त्याने पिऊ नये. आमच्यातले एक जण पीत नाहीत आणि हा लेख लिहिण्यात त्यांचा वाटा मोठा आहे. पण आमचा मुद्दा इथेच अधिक लागू होतो. वाइनला 'दारू' न म्हणण्याची ही जी धडपड आहे, ती आणि तुरटला 'टॅनिक' म्हणण्याची धडपड एकच. परका शब्द वापरला की वस्तू सोवळी होते, वरच्या वर्गाची होते, तिच्याविषयी प्रश्न विचारले जात नाहीत. मराठी शब्द वापरला की ती पुन्हा अण्णांच्या शिवारात येऊन पडते आणि मग भाव काय दिलात, माल का उचलला नाहीत, हेही विचारता येते.

राहिली ती २५ तारखेची बाटली. शेवटी शिराझच घेतली, हजाराच्या आत बसली. तांबडी वाइन घराच्या तपमानाला प्यावी असा नियम सांगतात, तो थंड देशांतल्या घरांसाठी आहे; मे महिन्यात तो इथे पाळला तर भपकाऱ्याशिवाय काही हाती लागणार नाही. पण डिसेंबरातल्या नाशिकच्या रात्री बाटली गॅलरीत अर्धा तास ठेवली की काम होते. पहिला घोट नुसता घेतला. रंग गडद जांभळा, वास पिकलेल्या करवंदाचा आणि मागून मिरीचा. चव भरदार, पण तुरटपणा कच्चा, कोवळ्या सुपारीसारखा धरणारा. नाशकात द्राक्षे उतरतात ती फेब्रुवारी-मार्चमध्ये, ऊन चढत असताना. साखर झपाट्याने वाढते, साल आणि बी मागे राहते. स्वस्त बाटलीत हा कच्चेपणा बऱ्याचदा आढळतो. महागड्या पेल्याचा आव आणून तो लपवण्यात अर्थ नाही. मग मटण आले. यजमानबाईंनी आमच्या विनंतीवरून सुके मटण कमी तिखट ठेवले होते, कारण मिरचीचा जाळ आणि मद्यार्क एकमेकांना चढवतात. चरबी आणि प्रथिने मात्र टॅनिनला आपल्याकडे ओढून घेतात. अण्णांनी एक घास घेतला, वर एक घोट घेतला, पुन्हा एक घास घेतला. या खेपेस दुरुस्त करायला एप्रनवाला मुलगा नव्हता.

"आता मिळून आलं," ते म्हणाले.

करंजीबरोबर तीच वाइन आंबट-कडू लागली, तेव्हा ती तिथेच थांबवली. बाटलीत चार बोटे उरली होती. बूच लावून फ्रिजमध्ये ठेवली आणि तिसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा चाखली. फळ मावळले होते, तुरटपणा मात्र तसाच होता. या अवस्थेला 'उतरलेली' म्हणावे की 'बसलेली', यावर आमच्यात एकमत झालेले नाही. अण्णांना फोन केला तर ते बागेत होते; मणी फुगायला लागले आहेत, संध्याकाळी बोलू, म्हणाले.